गल्ली सोडली म्हणून मिसरी सुटत नाही

“ताई, तिला त्या बायांमधून उचलून जळगावला आणतो. मग होईल ना सगळं नीट?”

गरोदर बायकोला घेऊन येणारे नवरे हा प्रश्न नाना तऱ्हांनी विचारतात. कुणाला शेजारणींचे सल्ले खुपतात, कुणाला आईचा हट्ट, कुणाला बायकोचं सारखं ओट्यावर जाऊन बसणं. काळजी मात्र एकच असते. घरात आपण सांगतो ते या कानाने ऐकून त्या कानाने सोडलं जातं आणि गल्लीत सांगितलेलं लगेच पाळलं जातं. सासवाही हेच विचारतात, फक्त त्यांच्या मते सगळा बिघाड सुनेच्या मोबाइलमधून येतो.

अमळनेर तालुक्यातल्या एका खेड्यातलं हे जोडपं. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत आणि नावं देत नाही. त्याला भाऊ म्हणू. तिला गल्लीत सगळे अजून ‘नवी’च म्हणतात, लग्नाला तीन वर्षं होऊन गेली तरी. भाऊ जळगावच्या एमआयडीसीत चटईच्या कारखान्यात. रोज सकाळच्या गाडीने जायचं आणि अंधार पडल्यावर परतायचं. नवीला पाचवा महिना. पहिलं गर्भारपण तिसऱ्या महिन्यातच संपलेलं, त्यामुळे या खेपेला घर जरा धास्तावलेलं होतं.

भाऊ एका दुपारी काम लवकर आटोपून घरी आला, तर बायको समोरच्या ओट्यावर चार बायांमध्ये बसून बोटाने दातांना मिसरी, म्हणजे भाजलेल्या तंबाखूची पूड, लावत होती. त्याने तिथेच आरडाओरडा केला. घरी आल्यावर कपाटात साड्यांखाली लोहाच्या लाल गोळ्यांची पाकिटं सापडली, न फोडलेली. दुसऱ्याच दिवशी त्याने जळगावात भाड्याने खोली बघायला सुरुवात केली. खोली मिळेपर्यंत नवीने दुपारी दार लावून घरात बसायचं, असा हुकूमही काढला. हे सगळं झाल्यावर तो माझ्याकडे आला. तेही डॉक्टरांनी पाठवलं म्हणून. नवीचं हिमोग्लोबिन ८.८ भरलं होतं. गरोदरपणात ते अकराच्या खाली गेलं की रक्त कमी धरतात. सातपासून दहाच्या आतलं म्हणजे मध्यम कमतरता.

भाऊला बाहेर बसवून मी तिच्याशी बोलले. पहिली काही मिनिटं ती नुसती पदराचं टोक पिळत होती. तंबाखू वाईट आहे हे तिला माहीत नव्हतं असं कुणी समजू नये. बारावी झालेली मुलगी. पुडीवरचं चित्र तिने पाहिलेलं होतं, आशाताईने, म्हणजे गावच्या आरोग्य कार्यकर्तीने, वाचून दाखवलेलंही ऐकलेलं होतं. म्हणून मी मिसरी का लावतेस असं विचारलं नाही. पहिल्यांदा कुणी दिली, ते विचारलं.

लग्न होऊन आली तेव्हा दुपार तिला खायला उठायची. नवरा कारखान्यात, सासरे शेतात, सासू तीन वर्षांपूर्वीच वारलेली. बोलायला भिंती. समोरच्या ओट्यावर बाया बसायच्या, पण बोलावल्याशिवाय जायचं कसं? एक दिवस त्यांच्यातल्या सगळ्यात वयस्कर जिजींनी हाक मारली, “बठ व माय,” आणि पत्र्याची डबी पुढे केली. त्या डबीला नाही म्हणणं म्हणजे त्या ओट्याला नाही म्हणणं होतं. पहिल्या दिवशी तिला घेरी आली, बाया हसल्या, आणि ती त्यांच्यातली झाली. पुढे कापूस वेचायला गेली तरी त्याच बाया, दळण आणायला त्याच, पहिलं मूल गेलं तेव्हा रात्रभर उशाशी बसल्या त्याही त्याच. भाऊला त्या ओट्यावर फक्त मिसरी दिसली होती.

आणखी एक कारण तिने खाली मान घालून सांगितलं. मिसरी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही. हे बाया डॉक्टरांना सांगत नाहीत, पण माझ्याकडे येणाऱ्यांपैकी बऱ्याच जणींचं खरं कारण हेच असतं. तंबाखूतलं निकोटिन आतड्यांना चाळवतं, हे काही खोटं नाही. आणि गरोदरपणात आधीच बद्धकोष्ठता, त्यात लोहाच्या गोळ्यांनी शौच घट्ट आणि काळी होते. म्हणजे गोळी सुरू करायची आणि मिसरी सोडायची, हे दोन्ही एकदम सांगितलं तर पोटाची तक्रार दुपटीने वाढणार. त्याची सोय आपण आधी लावत नाही आणि वर म्हणतो, बाई ऐकत नाही.

गोळ्यांबद्दल विचारलं तर उत्तर जिजींच्या तोंडचं आलं. “आमना टाइमले कोठे व्हत्यात गोया?” शिवाय गोळीने पोर काळं होतं, आणि पोर मोठं झालं की पोट फाडावं लागतं. समोरच्या घरातल्या सुनेचं सिझर झालेलं, तिने गोळ्या नेमाने घेतलेल्या. पुरावा तयार! बाळाचा रंग आईबापांवर जातो, गोळीवर नाही. सिझरची कारणं वेगळी असतात. हे मी तिला सांगितलं, तिने मान डोलावली. पण ती घरी गेल्यावर जिजींपुढे माझी काय पत्रास?

म्हणून मी तिला कोरा कागद दिला आणि गल्ली काढायला लावली. हे मी बहुतेकींना करायला लावते. आपलं घर मध्ये, मग दिवसभरात ज्या ज्या घरात पाय पडतो ती घरं, आणि प्रत्येक घरातून आपल्याकडे काय येतं ते. नवीच्या कागदावर दहा-बारा चौकोन झाले. जिजींच्या घरापासून तिच्या घरापर्यंत तीन रेघा आल्या: मिसरी, सल्ला, आणि ताक. सिझर झालेल्या सुनेकडून बाळाचे जुने कपडे आणि भीती. पिठाच्या गिरणीवाल्या वहिनीकडून गावच्या बातम्या. आणि कोपऱ्यात एक चौकोन, ज्याला एकही रेघ नव्हती. तिथे कोण, असं विचारलं तेव्हा कळलं की ते आशाताईचं घर.

आशाताई त्यांच्याच भावकीतली. दोन घरांमध्ये शेताच्या बांधावरून वाद, तो सासऱ्यांच्या काळापासूनचा. एकमेकांच्या घरचं पाणी बंद. आशाताई कर्तव्य म्हणून यायची, दारात उभी राहून पाकीट द्यायची, कार्डावर नोंद करायची आणि जायची. नवीने गोळी खाल्ली का, पोट दुखलं का, हे विचारायला ती उंबऱ्याच्या आत कधी आलीच नव्हती. सरकारी नोंदीत ही गरोदर माता पूर्ण संरक्षित. गोळ्या दिल्या, धनुर्वात-घटसर्पाची टीडी लस झाली, नोंदणी बारा आठवड्यांच्या आत झाली. सगळ्या रकान्यांत बरोबरच्या खुणा. बांधाच्या वादाला त्या कार्डात रकाना नाही.

मग भाऊला आत बोलावलं.

त्याला वाटत होतं मी त्याची बाजू घेऊन बायकोला समजावीन. मी त्याला विचारलं, जळगावच्या खोलीवर दिवसभर तिच्यासोबत कोण असेल? तो म्हणाला, कुणी नको ना, तेच तर पाहिजे.

शहराच्या कडेला नव्याने पडलेल्या प्लॉटमधली एक मुलगी गेल्या वर्षी माझ्याकडे यायची. नवरा कारखान्यात पाळीवर, शेजारचं घर अर्धवट बांधलेलं, त्यापलीकडचं कुलूपबंद. मिसरी नाही, तंबाखू नाही, कुणाचा चुकीचा सल्लाही नाही. पण एकटीसाठी भाजी काय करायची म्हणून दुपारी चहा आणि टोस्ट. तपासणीच्या दोन तारखा चुकल्या, कारण रिक्षापर्यंत सोबत चालायला कुणी नव्हतं. पायांवर सूज आली ती आठवडाभर कुणी पाहिली नाही. हे असतं असंच, असं ती स्वतःच समजत राहिली. तिची समजूत चुकली ती वेळेवर लक्षात आली, रक्तदाब वाढायला लागला होता. गल्लीत एखादी जिजी असती तर पहिल्या दिवशी म्हणाली असती, पाय दाखव. जिजींचे सगळे सल्ले बरोबर नसतात, पण नजर पक्की असते.

संगतीचा सवयींवर परिणाम होतो ही भाऊची समजूत खोटी नव्हती. अमेरिकेत फ्रेमिंगहॅम या गावातल्या हृदयविकाराच्या मोठ्या अभ्यासात १२,०६७ माणसांची १९७१ ते २००३ पर्यंतची माहिती होती. निकोलस ख्रिस्ताकिस आणि जेम्स फाउलर यांनी ती तपासून २००८ मध्ये दाखवलं की माणसं सिगारेट सोडतात ती एकेकटी नाही, गटागटाने. जोडीदाराने सोडली की दुसऱ्याने ओढत राहण्याची शक्यता ६७ टक्क्यांनी घटते, मित्राने सोडली तर ३६ टक्क्यांनी. नुसत्या शेजाऱ्याचा मात्र तिथे काहीच परिणाम दिसला नाही. मला हे वाचून नवल वाटलं नाही. त्यांच्याकडचा शेजारी कुंपणापलीकडून हात हलवतो. आपल्याकडची शेजारीण न विचारता चुलीपर्यंत येते, ती मैत्रिणीत आणि अर्धी सासूत मोडते. तो अभ्यास सिगारेटचा आहे, मिसरीचा नाही, हे मी भाऊला स्पष्ट सांगितलं. पण जोडीदाराचा आकडा त्याला दोनदा वाचून दाखवला. कारण त्याच्या खिशात पुडी होती. बोलताना तो ती बाहेरून चाचपत होता.

गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. भाऊ म्हणाला, मी गुटखा नाही, साधा तंबाखू-चुना खातो, आणि गरोदर मी थोडाच आहे! बरोबर आहे. पण रात्री जेवण झाल्यावर तो अंगणात तळहातावर तंबाखू मळणार, आणि दोन हात अंतरावर ती भांडी घासत बसणार, तिला तल्लफ आलेली. मग ओरडायचं कुणी कुणाला?

तंबाखूचं नुकसान किती, हेही त्याला थोडक्यात सांगावं लागलं, कारण ‘आमच्या आईनेही लावली, मी धडधाकट आहे’ हे त्याच्या ओठांवर होतंच. मुंबईतल्या गरोदर बायांचा एक अभ्यास २००४ मध्ये ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तिथेही बायांमध्ये मिसरीच जास्त होती. धूर न काढता तंबाखू वापरणाऱ्या मातांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचं प्रमाणही जास्त होतं. चार किलोच्या बाळाला शंभर ग्रॅम म्हणजे काही नाही. पण आपल्याकडे अंगावर रक्त नसलेल्या आईचं बाळ अडीच किलोच्या काठावर असतं, तिथे शंभर ग्रॅम फार झाले. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात, वारेतून बाळाकडे जाणारं रक्त कमी होतं. नवीचं रक्त आधीच पातळ. म्हणजे बाळाच्या वाट्याला दोन्हीकडून कमी.

भाऊने खोलीचा विषय लगेच सोडला नाही. पण दार लावून बसायचा हुकूम मागे घेतला. मला तेवढं पुरे होतं.

यापुढचं काम जिजींशिवाय होणार नव्हतं. बरेच नवरे इथे घोडचूक करतात, जाऊन त्या म्हातारीला झापतात. तिचा अपमान झाला की ती मुद्दाम सांगेल, आणि सून लपून लावेल. लपून लावणारीला मदत करणं सगळ्यात अवघड. भाऊने ओट्यावर आरडाओरडा करून हे अर्धं करूनच ठेवलं होतं. मग जिजींची समजूत कोण काढणार? त्याला सांगितलं, नवमीच्या नाही, नऊ तारखेच्या तपासणीला बायकोसोबत जिजींना घेऊन ये. गाडीभाडं तुझं, आणि विनंती तू स्वतः कर. २०१६ पासून दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत गरोदर बायांची डॉक्टरांकडून मोफत तपासणी होते. पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियान म्हणतात ते हेच.

जिजी आल्या. नऊवारी, कमरेला चंची, आणि डोळ्यांत ‘बघू काय सांगते ही पोरगी’. मी मिसरीचा विषय काढलाच नाही. तुमच्या हातून किती बाळंतपणं झाली, असं विचारलं. जिजी खुलल्या. मग त्यांनीच सुरुवात केली, “माले सात व्हयनात, काय व्हयनं माले?” मी विचारलं, सातातली आता किती? त्या म्हणाल्या, पाच. दोन बारकी होती, जगली नाहीत. कशाने, तर तेव्हा कोण सांगणार. मीही सांगितलं नाही. तीस-चाळीस वर्षांपूर्वीच्या दोन मुलांचं खापर एका म्हातारीच्या डबीवर फोडायचा मला अधिकार नव्हता, आणि ते खरं आहे की नाही हे कुणालाच कळणार नव्हतं. एवढंच म्हटलं, नवीचं एक गेलंय, हे बारकं राहू नये. यात तुमची मदत पाहिजे.

त्या दिवशी जिजी काहीच कबूल करून गेल्या नाहीत. उलट रागातच गेल्या, असं नवीने फोनवर सांगितलं. पण आठवड्याने तिचाच फोन आला: जिजींनी डबी तिच्यासमोर उघडायची बंद केली होती. स्वतः लावायच्या, आडोशाला जाऊन. बाकीच्या बायांनाही दटावलं, हिला कुणी द्यायची नाही. आणि गोळ्यांचं पाकीट मागून घेऊन चंचीत ठेवलं. रात्री जेवणं झाली की ओट्यावरून हाक यायची आणि जिजी सुपारीच्या खांडासारखी गोळी तिच्या तळहातावर ठेवायच्या.

गल्लीने मिसरी सोडली नाही, याची नोंद घ्या. चार बायांचं व्यसन सोडवायचं काम नवीच्या पोटावर टाकणं अन्यायाचं झालं असतं. आपल्याला एकीला मोकळीक हवी होती.

पोटाची सोय आम्ही लावली ती साधीच. सकाळी उठल्याबरोबर दोन पेले कोमट पाणी, दादर ज्वारीची भाकरी, रोज एक पालेभाजी, आणि तरीही अडलं तर डॉक्टरांनी सांगितलेलं इसबगोल. तिच्या हिमोग्लोबिनमुळे डॉक्टरांनी लोहाच्या रोज दोन गोळ्या सांगितल्या होत्या. जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत, चहा आधी-नंतर तासभर नाही. कॅल्शियमची गोळी वेगळ्या वेळेला, कारण दोन्ही एकत्र घेतल्या तर लोह नीट शोषलं जात नाही. मिसरी सुटल्यावर पहिला आठवडा वाईट जातो. डोकं दुखतं, चिडचिड होते, झोप मोडते. हे आधी सांगितलेलं असलं की बाई घाबरत नाही. तल्लफ काही मिनिटांत ओसरते, तेवढा वेळ तोंडात बडीशेप नाहीतर फुटाणे. आणि दात घासायला ब्रश. हे अगदी क्षुल्लक वाटतं, पण सकाळी उठून बोट दातांकडे जाणं हीच तिची पहिली मिसरी होती.

याच सुमारास उन्हाळी कामं निघाली. खान्देशातल्या गल्लीत चैत्र-वैशाखात बाया एकमेकींच्या घरी बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालतात. आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे. पहाटे चारला मोठ्या पातेल्यात ज्वारीचा घाटा शिजायला लागतो. तीळ, लसूण, जिरं, मिरची. ऊन चढायच्या आत खाटेवर ओल्या धोतरावर थापून संपलं पाहिजे. गरोदर बाई गेली नाही तर पुढच्या वर्षी तिच्याकडे कोण येणार? गेली तर चुलीचा धूर, वाकून हाटणं, वर ऊन. मी तिला जाऊ नको म्हटलं असतं तर तिने ऐकलं नसतं, आणि योग्यच केलं असतं. जिजींनीच मार्ग काढला. चुलीपाशी गिरणीवाली वहिनी, नवी सावलीत पाटावर बसून लसूण सोलणार. गरम घाट्यावर कच्चं तेल घालून पहिली वाटी तिला. त्या पंधरवड्यात तिचं खाणं सुधारलं, आणि भूक लागली की चार लोकांत खायची लाज गेली.

हे चार लोकांत खाणं मोठं असतं. सातपुड्याच्या पट्ट्यात आदिवासी गावांमध्ये अब्दुल कलाम अमृत आहार योजनेत २०१५ पासून गरोदर बायांना अंगणवाडीत एक वेळचं गरम जेवण देतात. घरी नेलेलं पोषण आहाराचं पाकीट सगळ्या घरात वाटलं जातं, बाईच्या वाट्याला दोन घास येतात. चौघींच्या पंगतीत बसून जेवली की ते तिच्याच पोटात जातं. झारखंड-ओडिशात ‘एकजुट’ संस्थेने गावोगावी बायांच्या गटांच्या बैठका चालवल्या. त्या नियमित झाल्या तिथे तीन वर्षांत नवजात मृत्यू ३२ टक्क्यांनी कमी आढळले, हे २०१० मध्ये लॅन्सेटमध्ये प्रसिद्ध झालं. तिथे कुणी बायांना गल्लीतून उचलून नेलं नव्हतं. ज्या बाया रोज भेटतात त्यांनाच एकत्र बसवून, आपल्याकडे बाळं का दगावतात, हे त्यांच्याच तोंडून काढलं होतं.

आशाताईचं कोडं मात्र जिजींनाही सुटलं नाही. बांधाचा वाद तसाच आहे. त्यावर आम्ही एवढंच केलं की भेट घराऐवजी अंगणवाडीत ठेवली. महिन्यातून एकदा तिथे ग्राम आरोग्य व पोषण दिवस भरतो, नर्सबाई येतात, वजन-रक्तदाब होतो. ती जागा कुणाच्याच भावकीची नाही. तिथे आशाताई नवीच्या शेजारी बसून बोलली, आणि घरी जाताना दोघी वेगवेगळ्या वाटांनी गेल्या. चालेल.

मग आखाजी, म्हणजे अक्षय तृतीया, आली. नवी माहेरी गेली, झोके, गौराई, शाळेपासूनच्या मैत्रिणी. भाऊ खूश, चार दिवस गल्लीपासून लांब. परत आली ती मिसरी लावूनच. माहेरच्या ओट्यावरही डबी होतीच, आणि तिथे जिजी नव्हत्या. जिजींना हिरड्यांवरूनच कळलं. “कोठेन लाई उनी व?” म्हणून त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं. नवी रडली, आणि दुसऱ्या दिवशी मला तिनेच फोन केला. एकदा लावली म्हणजे सगळं वाया गेलं असं नसतं. जितके दिवस सुटते तितके दिवस बाळाचे. पण माहेर सुरक्षित आणि सासर बिघडलेलं, हे भाऊचं गणित तिथे मोडलं. बाळंतपणाला ती माहेरीच जाणार होती, म्हणून तिच्या थोरल्या बहिणीला एकदा माझ्याकडे बोलावलं आणि जिजींनी केलं तेच काम तिच्याकडे सोपवलं.

हे सगळ्यांना लागू पडतं का? नाही. बाईला मारहाण होत असेल, दवाखान्यात जाऊ देत नसतील, पोटात दुखतं म्हटल्यावर आधी भगताकडे नेत असतील, तर संगत सांभाळायचा प्रश्नच नाही, तिला तिथून काढायचं. अंगावरून रक्त जाणं, जोरात डोकं दुखून डोळ्यांपुढे अंधारी येणं, चेहऱ्यावर-हातांवर सूज, बाळाची हालचाल मंदावणं, यांत कुठल्याही ओट्याचा सल्ला घेत बसायचं नाही. १०८ नाहीतर १०२ ला फोन करून थेट दवाखाना. आणि गल्लीत तुमच्या कागदावर सगळ्याच रेघा नुकसानीच्या निघाल्या, एकही आधाराची नाही, असंही क्वचित होतं. तेव्हा खोली घ्यायला हरकत नाही. मात्र खोली बघायला दुपारी दोनला जा, आजूबाजूला दारं उघडी आहेत का ते बघा. संध्याकाळी सातला सगळ्याच वस्त्या भरलेल्या दिसतात.

ज्यांच्या गल्लीत अशी जिजी नाही त्यांनी तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या सरकारी मोफत क्रमांकावर बोलावं. निकोटिनचं च्युइंगम किंवा पट्टी दुकानातून आणून गरोदरपणात आपल्या मनाने वापरू नये, डॉक्टरांना विचारावं.

नवीचं हिमोग्लोबिन आठव्या महिन्यात दहाच्या वर गेलं. दिवस भरून बाळंत झाली, मुलगी, २ किलो ७०० ग्रॅम. भाऊची पुडी सुटलेली नाही. घरात मात्र तो मळत नाही, गाडीत मळतो. त्याला पुढच्या महिन्यात मी वेगळं बोलावलंय.

खरी कसोटी आता आहे. सव्वा महिना झाला की ती सासरी येईल, आणि बऱ्याच बाया इथेच पुन्हा सुरू करतात. पोटात बाळ नाही, मग काय हरकत, असं त्यांना वाटतं. निकोटिन आईच्या दुधातून बाळाकडे जातं. लोहाच्या गोळ्याही बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यायच्या असतात, हे तर घरात कुणाच्याच लक्षात राहत नाही. जिजींना दोन्ही सांगितलंय. गोळ्या पुन्हा चंचीत ठेवीन म्हणाल्या. मिसरीचं विचारलं तर म्हणाल्या, पोरगी ओट्यावर रांगायला लागली की डबी वर फळीवर ठेवावीच लागेल, नाहीतर ती पहिली तोंडात घालेल.